कमरेतली सुई

मागच्या अंकात शाळाप्रवेशाच्या कागदपत्रांवर लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह. या महिन्यात माझ्या डोक्यात दुसरंच चाललं आहे.

जुलैचा दुसरा आठवडा होता, आमच्याकडे रोवणीचे दिवस. रात्री साडेअकराला आपाचा फोन आला. माझ्या भाचीला कळा सुरू होऊन चौदा तास झाले होते आणि आता डॉक्टर सिझर म्हणत होते. मी आणि माझे मियाँ भर पावसात मोटारसायकलवरून दवाखान्यात पोचलो. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी भूल देणारे डॉक्टर हातात कागद घेऊन उभे होते. "कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करू. इथे सही करा," एवढंच ते म्हणाले.

आपाची समधीण पुढे आली. "कमरेत नको. जन्मभर कंबर धरून बसेल पोरगी. रोवणी कोण करणार मग? द्यायचीच तर पूर्ण बेहोशी द्या." आपा म्हणाली, "त्या म्हणतात तसंच करा." जावई कधी आईकडे बघत होता, कधी कागदाकडे. डॉक्टरांनी एकदा समजावलं, दोनदा समजावलं, मग आवाज चढवला. आवाज चढला तशी समधीण आणखी घट्ट झाली.

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. खाला शिकलेली आहे, बीएड आहे, खाला सांगेल. आणि खाला गप्प उभी. कारण सोळा वर्षांपूर्वी माझ्या दुसऱ्या बाळंतपणात मलाही ती सुई टोचली होती, माझी कंबर दुखते, आणि आत कुठेतरी मीही त्याच सुईला दोष देत आले होते. वर्गात मुलांना सांगते, बिनपुराव्याचं बोलू नका. स्वतः मात्र सोळा वर्षं एका सुईवर बिनपुराव्याचा इल्जाम ठेवून बसले होते.

भिंतीवरच्या घड्याळात वीस मिनिटं गेली. आतून सिस्टर आली आणि म्हणाली, बाळाचे ठोके खाली येताहेत. जावयाने कागद ओढून घेतला आणि सही केली. एक वाजायच्या आत मुलगी झाली. अल्हम्दुलिल्लाह, दोघी सुखरूप. नानाने तिच्या कानात अजान दिली तेव्हा तिची अम्मी शुद्धीत होती, ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच डॉक्टर राउंडला आले तेव्हा मी त्यांना गाठलं. रात्रीचा राग उतरला होता. त्यांनी खुर्ची ओढली आणि अर्धा तास माझे सगळे प्रश्न ऐकले. पुढचे पंधरा दिवस मी या विषयावर मिळेल ते वाचलं. त्यातलं आपल्या घरांना उपयोगी पडेल ते इथे लिहिते. एक तक्रार मात्र आधी नोंदवते. नऊ महिन्यांत माझी भाची आठ वेळा तपासणीला गेली. लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन, सोनोग्राफी सगळं झालं. सिझर करावं लागलं तर भूल कशी देतात, हे एकदाही कुणी बोललं नाही. रात्री बाराला घाबरलेल्या बायांना ते समजेल अशी अपेक्षा करणं चूक आहे.

आता सुरुवातीपासून. पूर्ण भूल म्हणजे औषधाने माणसाला झोपवणं. दुसऱ्या प्रकारात माणूस जागा राहतो आणि फक्त एक भाग बधिर होतो. दात काढताना हिरडीत देतात ते, जखमेला किंवा बाळंतपणात खाली टाके घालताना देतात ते, मोतीबिंदूच्या वेळी डोळ्याजवळ देतात ते, आणि सिझरच्या वेळी कमरेत देतात ते, ही सगळी एकाच कुळातली औषधं. बहुतेक वेळा लिग्नोकेन, आणि कमरेत बहुधा ब्युपिव्हॅकेन. लिग्नोकेनला आपल्याकडे झायलोकेन या कंपनीच्या नावाने ओळखतात. ही दोन्ही औषधं जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत.

ती काम कशी करतात? वर्गात मी मुलांना असं सांगितलं असतं: मैदानात पोरांची रांग उभी करा. पहिल्याने दुसऱ्याच्या कानात निरोप सांगायचा, दुसऱ्याने तिसऱ्याच्या. आपल्या नसा दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत असाच पुढे ढकलत नेतात. नसेच्या अंगावर बारीक बारीक दारं असतात, त्यातून सोडियमचे कण आत शिरले की निरोप पुढे सरकतो. हे औषध ती दारं काही वेळ बंद करून ठेवतं. मधल्या चार पोरांनी तोंड मिटलं की शेवटच्याला काही कळत नाही. कापणं चालू असतं, पण बातमी वर पोचत नाही. औषध रक्तात वाहून गेलं की दारं पुन्हा उघडतात. नस जळत नाही, सुकत नाही, कायमची मरत नाही. लिग्नोकेनचा असर साधारण तासभर, ब्युपिव्हॅकेनचा दोन-तीन तास.

आता खुद्द कमरेची सुई. समधीणबाईंची भीती अशी होती की ती मणक्यात घुसते आणि मणका कमजोर करते. मीही तेच समजत होते. खरं असं आहे की पाठीच्या कण्यातून खाली येणारा मज्जारज्जू मोठ्या माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याच्या खाली नसांचे सुटे धागे एका पाण्याच्या पिशवीत तरंगत असतात, घोड्याच्या शेपटीसारखे. सुई त्या जागी जाते, बहुधा तिसऱ्या आणि चौथ्या मणक्याच्या मधल्या फटीतून. हाडात नाही, दोन हाडांच्या मधून. धागे तरंगते असल्यामुळे सुई आली की बाजूला सरकतात. सुईही केसासारखी बारीक असते, आणि औषध किती? साधारण दोन मिली. चहाचा चमचा पाच मिलीचा असतो, म्हणजे अर्धा चमचाही नाही.

त्या औषधात थोडी साखर मिसळलेली असते. त्यामुळे ते आजूबाजूच्या पाण्यापेक्षा जड होतं आणि खाली बसतं. ते किती वर चढू द्यायचं हे डॉक्टर टेबल कमी-जास्त कलवून ठरवतात. सुई देताना गुडघे पोटाशी घेऊन, हनुवटी छातीला लावून बसायला सांगतात, कारण पाठ कमानीसारखी वाकली की मणक्यांमधली फट उघडते. पोटात कळ येत असताना असं बसणं सोपं नाही. कळ येत असेल तर "थांबा" म्हणावं, डॉक्टर थांबतात. सुई आत असताना हलायचं मात्र नाही.

मग पाय गरम होतात, जड होतात, आपले नाहीतच असं वाटतं. पोटावर हात फिरतोय, काहीतरी ओढलं जातंय हे कळतं, दुखत नाही. पुष्कळ जणी थडथड कापतात. आमच्याकडे एका बाईला असं कापताना पाहून तिच्या नणंदेने नजर उतरवायला मिरच्या शोधल्या होत्या. ते कापणं या भुलेत नेहमीचंच आहे, काही वेळाने थांबतं. ब्लडप्रेशर एकदम उतरू शकतं, जीव घाबरतो, उलटीसारखं होतं. तेव्हा लाजून गप्प राहू नये, लगेच सांगावं. त्यावर औषध हाताशी तयार असतं.

आणि समधीणबाई जी पूर्ण बेहोशी मागत होत्या, ती सिझरसाठी जास्त सुरक्षित असते का? उलट आहे. गरोदरपणात पोटातलं अन्न वर येण्याची भीती जास्त असते, त्यात कळांच्या काळात आपण हिला ताकद यावी म्हणून तूप घातलेला शिरा भरवलेला असतो. बेशुद्धीत ते अन्न फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. शेवटच्या महिन्यांत गळा सुजल्यामुळे श्वासाची नळी घालणंही अवघड होतं. झोपेच्या औषधाचा काही भाग बाळापर्यंतही जातो. काही वेळा पूर्ण भूल द्यावीच लागते, रक्तस्राव फार असेल किंवा क्षणाचाही वेळ नसेल तर. तो निर्णय डॉक्टरांचा. पण कमरेची सुई म्हणजे स्वस्तातला पर्याय आणि पूर्ण भूल म्हणजे भारीतला, हा आपल्या बायांचा समज साफ चुकीचा आहे.

ही सुई आली कुठून? अशा लेखात आपल्याकडे इब्न सीनांचं नाव यावं लागतं. त्यांचा मान मोठाच आहे, पण या सुईचं श्रेय त्यांना देता येणार नाही, कारण इंजेक्शनची पोकळ सुईच 1853 च्या सुमारास आली. 1884 मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर या तरुण डॉक्टराने कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करून दाखवला. 1898 मध्ये जर्मनीतल्या कील गावी ऑगस्ट बीअर या सर्जनने कमरेत कोकेन देऊन ऑपरेशनं केली. रोग्यांना नंतर डोकेदुखी होई, म्हणून त्याने आणि त्याच्या मदतनिसाने स्वतःवरच प्रयोग करायचं ठरवलं. बीअरच्या वेळी पिचकारी सुईला नीट बसलीच नाही, औषध सांडलं आणि पाठीतलं पाणी वाहून गेलं. मग त्याने मदतनिसाला सुई दिली आणि भूल चढल्याची खात्री करायला त्याच्या नडगीवर लोखंडी हातोडी मारली. त्याला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र कळलं असणार! बीअर स्वतः डोकेदुखीने नऊ दिवस आडवा होता. 1900 मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरात क्राइस नावाच्या डॉक्टराने ही भूल पहिल्यांदा बाळंतिणींना दिली. कोकेन धोक्याचं होतं, त्याची जागा पुढे दुसऱ्या औषधांनी घेतली. लिग्नोकेन 1943 मध्ये स्वीडनमध्ये तयार झालं, ब्युपिव्हॅकेन 1957 मध्ये, तेही तिथेच.

म्हणजे बीअरच्या डोक्याने शिकवलेली गोष्ट आजही खरी आहे: या सुईमुळे होणारा जो त्रास आहे तो डोक्याचा. सुईच्या छिद्रातून पाणी झिरपत राहिलं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोकं ठणकतं, उठून बसलं की वाढतं, आडवं झालं की उतरतं. आताच्या बारीक सुयांमुळे हे शंभरात एखादीला होतं आणि बहुतेकदा आठ-पंधरा दिवसांत जातं. फार असेल तर दवाखान्यात त्यावर खास इलाज आहे. "चोवीस तास उशी नको" असं आपण ऐकतो, पण पडून राहिल्याने ही डोकेदुखी टळते असं अभ्यासात दिसलेलं नाही. बाळंतिणीचं पाणी तोडण्याची आपली पद्धत तर अगदीच उलटी आहे. डोकेदुखीसोबत ताप, मान आखडणं, पायात जोर न येणं किंवा लघवी अडकणं यातलं काही झालं तर मात्र घरी थांबू नये, त्याच रात्री दवाखाना गाठावा.

आणि कंबर? इथे मला आपल्याच मुलखाचं उदाहरण द्यायचं आहे.

गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्यावर चातगावजवळ शोधग्राम आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली, तिचं हे ठिकाण. तिथल्या दवाखान्याला आदिवासींच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं नाव आहे. राणीताईंनी जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या 650 बायांची तपासणी केली आणि तो अभ्यास 1989 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शंभरातल्या 92 बायांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या बाया शंभरात फक्त 8 होत्या. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, कंबर धरणं, हे सगळं बायांनी नशीब म्हणून गिळलं होतं.

पुढे याच संस्थेने गावांमध्ये पाठ-कंबरेच्या दुखण्याचाही अभ्यास केला. ते दुखणं घरोघर निघालं. मुंबईचे मणक्याचे सर्जन डॉ. शेखर भोजराज आणि त्यांचे सहकारी शोधग्रामला येऊन मणक्याची तपासणी आणि शस्त्रक्रिया करू लागले, ते याच गरजेतून. आता विचार करा. या गावांतल्या किती बायांचं सिझर झालं असेल? त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांची सगळी बाळंतपणं तर घरातल्या जमिनीवर झाली. कमरेची सुई त्यांनी पाहिलीही नाही, आणि कंबर मात्र गेलेली.

ती कशाने गेली हे जुलैत कुठल्याही बांधीच्या धुऱ्यावर उभं राहिलं की दिसतं. सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत गुडघाभर चिखलात, कंबरेतून काटकोनात वाकून, डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी, उजव्या हाताने खोचत मागे मागे सरकत जायचं. उन्हाळ्यात मोह वेचायचा, तोही वाकून. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायचा, संध्याकाळी बसून त्याच्या जुड्या बांधायच्या. डोक्यावर सरपण, कमरेवर घागर आणि पोटात आठवा महिना.

गरोदरपणात शरीर स्वतःच कमरेचे सांधे आणि बंध सैल करतं, बाळाला वाट मिळावी म्हणून. वजन पुढे येतं, कणा मागे वाकतो. बाळंतपणानंतर बाळाला वाकून पाजणं, वाकून अंघोळ घालणं, रात्रंदिवस एका कुशीवर. म्हणून बाळंतपणानंतर कंबर पुष्कळ जणींची दुखते, सुई घेतलेल्यांचीही आणि न घेतलेल्यांचीही. दोन्ही गटांची तुलना करणारे अभ्यास झाले आहेत. सुई टोचलेल्या जागी काही दिवस दुखरेपणा राहतो, पण लांब पल्ल्याची कंबरदुखी सुईमुळे वाढते असं त्यात दिसलेलं नाही.

माझ्या सासूबाईंची सात बाळंतपणं घरी झाली, दाईच्या हातून. सुई एकही नाही. रोज मगरिबनंतर त्या कमरेला ओढणी आवळून बांधतात आणि मला म्हणतात, "तुझी कंबर त्या सुईने गेली." ही गोष्ट सोळा वर्षं मी रोज ऐकत होते आणि त्यातली गंमत माझ्या ध्यानात आली नव्हती. सुईला दोष दिला की आपण खऱ्या कारणाकडे बघत नाही. माझ्या बाबतीत ते कारण पाच तास फळ्यासमोर उभं राहणं, घरी येऊन खाली बसून कपडे धुणं, आणि सांगितलेले व्यायाम न करणं हे आहे. शेवटचं माझंच.

आता एक वेगळी गोष्ट, जी दुसऱ्या मराठी मासिकांत कुणी लिहिणार नाही म्हणून मी लिहिते. आपल्या घरांत हेच औषध बाळंतपणाखेरीज आणखी एका वेळी लागतं, ते मुलाच्या खतन्याला. जुन्या पद्धतीत काहीच न देता करत. आता बहुतेक घरं डॉक्टरकडे जातात, ते चांगलंच आहे. पण गावात अजून "आम्ही घरीच करतो, इंजेक्शन पण देतो" म्हणणारे फिरतात. मेडिकलमधून लिग्नोकेनची बाटली आणतात आणि अंदाजाने टोचतात. इथे आठवीचं गणित करून पाहा. 2 टक्के लिग्नोकेन म्हणजे एका मिलीत 20 मिलीग्रॅम. साध्या लिग्नोकेनची मर्यादा ढोबळ मानाने वजनाच्या दर किलोला 3 ते 4 मिलीग्रॅम. साठ किलोच्या माणसाला 180 ते 240 मिलीग्रॅम, म्हणजे नऊ ते बारा मिली चालेल. दहा किलोच्या बाळाला? दीड ते दोन मिली. मोठ्या माणसाच्या दातासाठी भरतात तेवढंच बाळासाठी भरलं की मर्यादा झाली, आणि पोरगं रडतंय म्हणून आणखी एक पिचकारी दिली की ओलांडली. जास्त झालेलं औषध रक्तातून मेंदूकडे आणि हृदयाकडे जातं. मोठा माणूस आधी सांगू शकतो, ओठाभोवती मुंग्या येताहेत, तोंडात लोखंडासारखी चव आहे, कान वाजताहेत. बाळ सांगू शकत नाही, त्याला थेट झटके येतात. शिवाय बाजारात दोन तऱ्हेच्या बाटल्या मिळतात, एक साधी आणि एक ॲड्रिनलीन मिसळलेली. दुसरी रक्तवाहिन्या आवळते, म्हणून खतन्याच्या जागी साधीच वापरायचा डॉक्टरांचा रिवाज आहे. फिरत्या माणसाला हा फरक माहीत असेलच असं नाही. तेव्हा खतना जिथे ऑक्सिजन आहे आणि मुलाचं वजन करतात तिथेच करून घ्यावा. वजनकाटा दिसला नाही तर उठून यावं.

बाळंतपणाकडे परत येते. भूल देणाऱ्याला काय सांगायचं, तेही बोलून ठेवावं. आधी कधी दाताच्या किंवा दुसऱ्या इंजेक्शनने त्रास झाला होता का, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, पाठीवर गळू किंवा पुरळ आहे का, शेवटचं कधी खाल्लं. यात खोटं सांगू नका, "दोन घास फक्त" म्हणजे सुद्धा जेवणच. ठरवून होणाऱ्या सिझरआधी जेवण सहा तास बंद ठेवतात. आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. बाईला किंवा माहेरच्या कुणाला असेल तर आवर्जून सांगा. कमरेला बांधलेला तावीज किंवा काळा धागा नेमका सुईच्या जागी येतो. तो आधीच घरी काढून ठेवला तर टेबलावर कात्री लावायची वेळ येत नाही आणि मनाला रुखरुख लागत नाही.

पडद्याचा प्रश्न मला भाचीनेच विचारला होता. भूलतज्ज्ञ पुरुष असला तर? जीव वाचवण्याच्या वेळी इलाजासाठी जेवढं उघडावं लागतं तेवढ्याची मुभा आपल्या दीनमध्ये आहे, यावर वाद नाही. आणि प्रत्यक्षात लागतं किती? कमरेचा वीतभर भाग. बाकी अंगावर हिरवी चादर असते, डोक्यावर टोपी असते. जवळ सिस्टर थांबवा म्हटलं तर दवाखाने थांबवतात. हे आधी, शांतपणे, दिवसा विचारावं.

काही खाला-फूफ्या म्हणतात, कळा सोसणं हाच सवाब आहे, बधिर कशाला करायचं. त्यांना मी हजरत मरियमची आठवण देते. प्रसववेदनांनी त्या खजुराच्या झाडाला टेकल्या आणि तोंडातून उद्गार निघाला, हे कुरआनात आहे. त्यांना कुणी सबरचा उपदेश केला नाही. पायाशी झरा दिला, खजूर दिले आणि दिलासा दिला. मोठ्या शहरांत आता साध्या बाळंतपणातही कमरेत बारीक नळी ठेवून कळांचं दुखणं कमी करतात. आपल्या तालुक्यांत ते यायला वेळ आहे. निदान खाली टाके घालताना आधी बधिर करून घेणं हा तर प्रत्येक बाईचा हक्क आहे. "दोनच टाके आहेत, सोसून घे" म्हटलं तर नाही म्हणा.

आपल्या जिल्ह्यांत खरी अडचण सुईची नाही, ती देणाऱ्या माणसाची आहे. हेमलकशाला 1973 मध्ये लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आमटे शस्त्रक्रिया शिकलेले आणि डॉ. मंदाकिनी आमटे भूलशास्त्र शिकलेल्या, हा त्या जंगलाला लाभलेला केवढा मोठा योग होता हे मला आता कळतं. तिथे कित्येक वर्षं वीजसुद्धा नव्हती. सगळ्या ठिकाणी असा योग येत नाही. सर्जन असतो, भूलतज्ज्ञ पुढच्या तालुक्यात असतो. म्हणून सरकारने एमबीबीएस डॉक्टरांना बाळंतपणातली भूल शिकवण्याचं 18 आठवड्यांचं प्रशिक्षण काढलं. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट कशी बंद होते हे पेपरात दरवर्षी वाचतो. अशा गावांसाठी काही आरोग्य केंद्रांना लागून 'माहेरघर' आहे. दिवस भरत आले की बाईने आठ-दहा दिवस आधीच तिथे येऊन राहायचं. आशाताईंना विचारलं की माहिती मिळते. सातव्या महिन्यातच विचारून ठेवावं: सिझर लागलं तर कुठे नेणार, आणि तिथे रात्री भूल द्यायला कोण असतं?

राहिला तो कागद. ज्याच्यावरून वीस मिनिटं गेली ती सही मुळात कुणाची हवी होती? भाची बावीस वर्षांची आहे, पूर्ण शुद्धीत होती, बारावी शिकलेली आहे. तिला कुणी विचारलंच नाही. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे की सज्ञान आणि समजत्या बाईच्या शरीरावरच्या ऑपरेशनला तिची स्वतःची संमती लागते, तिच्या आईने दिलेली चालत नाही. त्या प्रकरणात बाई भुलेखाली होती आणि डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची परवानगी घेतली होती. ती पुरेशी नाही, असं न्यायालय म्हणालं. मग शुद्धीत असलेल्या पोरीला वगळून आम्ही चौघं दाराशी कसली चर्चा करत होतो?

चाळिशीच्या दिवशी गेले तेव्हा भाचीला हेच विचारलं, तुला त्या वेळी काय वाटत होतं? ती म्हणाली, "खाला, मला आतून सगळ्यांचा आवाज येत होता. मी सिस्टरला म्हणत होते, मला द्या कागद, मी करते सही."

समधीणबाई बाजूला बसून बाळाच्या टाळूला तेल लावत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "हिला यंदा रोवणीला नाही पाठवलं. पुढच्या सालीही नाही पाठवणार." मग मला त्यांनी शोधग्रामला कंबर दाखवायला कोणत्या दिवशी जावं लागतं ते विचारलं. स्वतःसाठी.